लाकडाचा नाद विजेच्या वाटेने: अकूस्टिक गिटारसाठी चांगला ॲम्प्लिफायर

अकूस्टिक गिटारच्या सहा पोलादी तारा मिळून सुमारे ७० किलोचा ताण वाद्यावर टाकत असतात. हा ताण झेलणारा वरचा तक्ता बहुधा स्प्रूसच्या लाकडाचा असतो आणि त्याची जाडी असते जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. एका मोठ्या माणसाचे वजन पेलणारे हे पातळ लाकूड बोटाच्या हलक्या स्पर्शानेही थरथरते. नुसती ताणलेली तार छेडली तर ती जवळजवळ मुकीच असते, कारण बारीक तारेच्या दोन्ही बाजूंनी हवा निसटून जाते आणि ढकलली जातच नाही. तारेची थरथर घोडीतून तक्त्यात उतरली, तक्त्याने आपल्या सगळ्या अंगाने हवा हलवली, पेटीतली हवा गोल तोंडातून आतबाहेर झाली की मग नाद होतो. तुणतुण्याची चामड्याने मढवलेली पोकळी, मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा आणि गिटारची पेटी ही तिन्ही एकच काम करतात. विजेचा थेंबही न वापरता तारेचा आवाज मोठा करणारी ती यंत्रेच आहेत.

पण हा नाद खोलीपुरता. ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदसारख्या गावात गिटार लोकांपुढे येते ती शाळेच्या मैदानावरच्या स्नेहसंमेलनात, गणपतीपुढच्या कार्यक्रमात, एखाद्या हळदीच्या मंडपात किंवा पत्र्याच्या शेडखाली. समोर दीडशे-दोनशे माणसे बोलत असतात, मागे जनरेटर धडधडत असतो, पलीकडच्या कसारा मार्गावरून मालगाडी जाते. दुसऱ्या रांगेतल्या माणसालाही गिटार ऐकू येत नाही. मग मंडपवाल्याच्या मशीनमध्ये वायर खोचली जाते. आवाज मोठा होतो खरा, पण तो पातळ, कर्कश आणि मधूनच हूंऽऽ करून घुमणारा होतो. वाजवणारी मुले खट्टू होतात आणि आपलाच हात कच्चा आहे असे समजतात. बहुतेक वेळा हाताचा यात काही दोष नसतो. लाकडाचा नाद विजेच्या वाटेने न्यायचा तर त्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा नीट जुळावा लागतो, आणि ते जुळवणे कुणालाही शिकता येते.

दोन शतकांची धडपड

गिटारचा आवाज मोठा करण्याची धडपड वाशिंदच्या रेल्वेइतकी तरी जुनी आहे. १ ऑक्टोबर १८५५ रोजी कल्याण ते वाशिंद हा लोहमार्ग खुला झाला आणि १८६० मध्ये आसनगावपर्यंत रूळ जाईतो रेल्वे वाशिंदलाच संपत होती. नेमक्या याच वर्षांत स्पेनमधल्या सेव्हिल शहरात आंतोनियो दे तोरेस हा कारागीर गिटारची पेटी मोठी करण्याच्या मागे लागला होता. तक्ता पातळ करायचा, आतून पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्यांचा आधार द्यायचा आणि पेटीचे आकारमान वाढवायचे, ही त्याची रीत. १८५६ साली त्याने बनवलेली ‘ला लेओना’ ही गिटार आजही नावाजली जाते. आपण आज जिला क्लासिकल गिटार म्हणतो तिचा घाट तोरेसचा आहे, आणि त्या घाटामागे मुख्य गरज आवाजाची होती.

अमेरिकेत मार्टिन कंपनीने १८४० च्या दशकात तक्त्याखाली फुलीच्या आकाराच्या पट्ट्या बसवल्या. पोलादी तारांचा जबर ताण पुढे याच रचनेने पेलला. १९१६ मध्ये रुंद कमरेची ‘ड्रेडनॉट’ आली. आज दुकानात भिंतीवर टांगलेल्या बहुतेक गिटारी त्याच आकाराच्या असतात. १९२७ च्या सुमारास जॉन डोपिएरा याने लाकडी तक्त्याऐवजी ॲल्युमिनियमचे शंकू बसवून पाहिले. लाकूड आणि धातू यांच्याकडून जितका आवाज काढता येईल तितका काढून झाला होता. पुढची वाट विजेची होती.

तिची सामग्री तोवर तयार होती. ली द फॉरेस्टची तीन टोकांची निर्वात नळी १९०६ ची, आणि आजही प्रत्येक ॲम्पमध्ये असतो तसला कागदी शंकूचा, हलत्या गुंडाळीचा स्पीकर राइस आणि केलॉग या अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडला. १९३१ मध्ये जॉर्ज बोशॅम्प याने तारांजवळ चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी ठेवून पहिली यशस्वी विजेची गिटार घडवली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते, गुंडाळीत वीज उपजते. मात्र ‘पिकअप’ म्हणवल्या जाणाऱ्या या जोडणीला फक्त पोलादाची हालचाल कळते, लाकडाचे त्याला काहीच ऐकू येत नाही. अकूस्टिक गिटार वाजवणाऱ्यांची पंचाईत इथे झाली, आणि ती सुटायला आणखी चाळीस वर्षे गेली.

बेंजोने घातलेली सवय

ठाणे जिल्ह्याच्या कानाला विजेवर वाजणारी तार नवी नाही. हळदी, वराती आणि विसर्जनाच्या मिरवणुका गाजवणारा बेंजो हे त्याचे ठळक उदाहरण आहे. हे वाद्य मूळचे जपानी. गोरो मोरिता याने १९१२ मध्ये नागोया शहरात टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले ‘ताइशोगोतो’ बनवले. ते भारतात येऊन बुलबुलतरंग झाले, आणि त्याला चुंबकीय पिकअप लावून आपल्या बेंजो पार्ट्यांनी त्याचे सनई-क्लॅरिनेटच्या तोडीचे मिरवणुकीचे वाद्य केले. डाव्या हाताने कळा, उजव्या हाताने पट्टी, आणि ट्रॉलीवर बांधलेला भोंगा. तो धारदार, किंचित फाटलेला, ढोल-ताशाच्या वर तरंगणारा आवाज ही मोठी कमाई आहे आणि त्यामागे वादकांच्या पिढ्यांचे कान आहेत.

पण लक्षात घ्यावे की बेंजोचा तो आवाज भोंगा आणि ॲम्प्लिफायर यांच्यासह घडलेला आहे. ते काढून घेतले तर बेंजो एक नाजूक घरगुती वाद्य उरतो. इलेक्ट्रिक गिटारचेही तसेच. तिचा ॲम्प जो गोडवा, जो फाटलेपणा घालतो तो वाद्याचाच अर्धा भाग असतो. अकूस्टिक गिटारला यातले काहीही नको आहे. तिचा आवाज लाकडाने आधीच पुरा केला आहे. तिच्या ॲम्प्लिफायरने तो जसाच्या तसा, फक्त मोठा करून पलीकडे पोचवायचा. म्हणून इथे यंत्राचा गुण ते काय घालते यावर नसून किती कमी घालते यावर ठरतो. खरेदीचा प्रत्येक निर्णय या एका गोष्टीशी ताडून पाहावा.

लायटरमधला स्फटिक

स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर दाबला की टक आवाज होतो आणि ठिणगी पडते. त्यात बॅटरी नसते. आत बसवलेल्या विशिष्ट स्फटिकासारख्या चिनीमातीच्या तुकड्यावर आघात होतो आणि तो हजारो व्होल्टचा दाब निर्माण करतो. दाबल्यावर वीज देण्याचा हा गुण पिएर आणि जाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधला. त्याला पिझो परिणाम म्हणतात. आज बहुसंख्य ‘सेमी-अकूस्टिक’ किंवा ‘इलेक्ट्रो-अकूस्टिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गिटारींच्या घोडीवरच्या पांढऱ्या पट्टीखाली याच गुणाची एक बारीक पट्टी दडलेली असते. तार थरथरली की घोडीवरचा दाब कमीजास्त होतो आणि त्या तालात वीज उमटते.

ही युक्ती रंगमंचावर रुळवण्यात चार्ल्स कामान याचा वाटा मोठा. हा माणूस हेलिकॉप्टर बनवणारा अभियंता आणि स्वतः गिटारवादक. हेलिकॉप्टरमध्ये कंपन हा शत्रू असतो. कंपनांचा तोच अभ्यास त्याने गिटारकडे वळवला, १९६६ मध्ये गोल पाठीची ओव्हेशन गिटार काढली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस घोडीतच पिझो बसवून दिला.

मंडपातली गिटार पातळ का वाजते याचे उत्तर या स्फटिकातच आहे. पिझोची पट्टी विजेच्या भाषेत अगदी छोट्या कपॅसिटरसारखी वागते. तिची धारिता ५०० पिकोफॅरड धरू. ती थेट एखाद्या मिक्सरच्या १० किलोओमच्या लाइन इनपुटमध्ये जोडली तर हिशेबाने सुमारे ३२,००० हर्ट्झच्या खालचे सगळे स्वर दबत जातात, आणि माणसाचा कान ऐकतो २० ते २०,००० हर्ट्झ. म्हणजे जे ऐकू यायचे ते सगळेच दबलेले, आणि जितका स्वर खालचा तितका जास्त दबलेला. इनपुटचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १ मेगाओम असेल तर हीच सीमा ३१८ हर्ट्झवर येते. अजूनही जाड तारा अशक्तच, कारण सर्वांत जाड तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा. १० मेगाओमला सीमा ३२ हर्ट्झवर उतरते आणि पूर्ण गिटार आत येते. गिटार तीच, वादक तोच, वायर तीच. फरक फक्त पलीकडच्या दाराचा.

यावरचा इलाज म्हणजे असा मोठा इम्पिडन्स देणारा प्रीॲम्प. ज्या गिटारीच्या कुशीवर बटणांची पट्टी आणि ९ व्होल्टच्या चौकोनी सेलचा खण असतो तिच्यात तो आधीच असतो आणि ती कुठल्याही यंत्राशी बऱ्यापैकी जुळते. अशा गिटारीत जॅक घातल्याबरोबर प्रीॲम्प चालू होतो. म्हणून वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवायची, नाहीतर सेल उगाच संपत जातो. सेल नसलेला साधा पिझो असेल तर मात्र ॲम्पच्या माहितीपुस्तकात इनपुट इम्पिडन्सचा आकडा शोधून पाहावा. १ मेगाओम ही किमान पायरी, आणि त्याहून जास्त असेल तर चांगलेच. पिझोचा एक उपजत दोषही सांगायला हवा. जोराने खरडले की तो किंचित बदकासारखा, प्लास्टिकी आवाज काढतो. चांगला प्रीॲम्प आणि १ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडी कपात यांनी तो बराच निवळतो.

मग सरळ माइकच का लावू नये? स्टुडिओत लावतातच. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काब्रा यांच्या गिटारची मींड, शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासोबत किती निवांत ऐकू येते! पण स्टुडिओ शांत असतो. मंडपात तोच माइक ढोल, कुकरची शिट्टी आणि जनरेटर यांनाही तितक्याच आपुलकीने उचलतो.

भोंग्यातून पाच तारा गायब

गिटारच्या मोकळ्या तारांचे स्वर असे: ८२, ११०, १४७, १९६, २४७ आणि ३३० हर्ट्झ. गावोगावी खांबावर चढणारे बहुतेक भोंगे सुमारे ३०० हर्ट्झखालचा आवाज जेमतेम काढतात. भाषण, अजान, आरती, सूचना यांसाठी ते बनलेले आहेत आणि ते काम ते उत्तम करतात. मात्र सहापैकी पाच मोकळ्या तारांचा मूळ स्वर त्यांतून बाहेर पडतच नाही. तरीही आपल्याला सूर ओळखू येतो, हे माणसाच्या मेंदूचे एक आश्चर्य आहे. ११० हर्ट्झचा मूळ स्वर हरवला तरी ३३०, ४४०, ५५० हे त्याचे उपस्वर पोचतात आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू ११० चा स्वर स्वतःच उभा करतो. सूर कळतो, पण अंगाला लागणारी ऊब येत नाही.

उलट टोकाला इलेक्ट्रिक गिटारचे ॲम्प. त्यांच्या दहा-बारा इंची स्पीकरचा आवाज सुमारे ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. इलेक्ट्रिकला तेच हवे असते. अकूस्टिकची झळाळी, बोटाचे तारेवरचे घासणे, नखाची टिचकी हे सगळे ५ ते १२ किलोहर्ट्झमध्ये असते. मित्राचा इलेक्ट्रिक ॲम्प उसना आणला की गिटार पांघरूण घेतल्यासारखी वाजते ती यामुळे. म्हणून अकूस्टिकच्या ॲम्पमध्ये वूफरच्या जोडीला उंच स्वरांसाठी वेगळा ट्वीटर असतो. खरेदीच्या वेळी जाळीआड ट्वीटर आहे का हे आधी विचारावे. याला काही अपवाद आहेत. जर्मनीच्या एईआर कंपनीच्या ‘कॉम्पॅक्ट ६०’ मध्ये एकच आठ इंची दुहेरी शंकूचा स्पीकर असतो, आणि टॉमी इमॅन्युएलसारखा अव्वल वादक तो वापरतो. पण त्याची किंमत पहिल्या खरेदीची नव्हे.

वॅटचा आकडा मोठा दिसावा म्हणून दुकानात बरेच बोलले जाते. वस्तुस्थिती अशी की कानाला दुप्पट वाटावे एवढा आवाज वाढवायला दहापट वॅट लागतात. ३० वॅटचा ॲम्प ६० वॅटचा केला तर वाढ होते ३ डेसिबल, म्हणजे जाणवेल न जाणवेल इतकी. विजेतला शंभरातला जेमतेम एक भाग आवाज होतो, बाकीची स्पीकरच्या गुंडाळीत उष्णता होऊन जाते. तरीही मोठ्या वॅटला अर्थ आहे तो वेगळ्या कारणाने. गिटारवर मारलेला फटकारा सरासरी आवाजापेक्षा १०-१५ डेसिबलने उंच उसळतो, आणि ती उसळी न फाटता निघाली तरच गिटार खरी वाटते. सरासरी दोन-तीन वॅटवर वाजणाऱ्या वादकाला म्हणूनच ४०-६० वॅटची राखीव ताकद लागते.

मोकळ्या जागेचा हिशेब वेगळा. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. एका मीटरवर १०८ डेसिबलची उसळी काढणारा ६० वॅटचा ॲम्प सोळा मीटरवर ८४ वर येतो आणि सरासरी वाजवणे ७२ च्या आसपास. समोरच्या माणसाचे बोलणे एका मीटरवर ६० डेसिबल असते. याचा अर्थ, ऐकायला शांत बसलेल्या पन्नास-साठ माणसांना असा ॲम्प पुरतो, आणि बोलत्या मंडपाला पुरत नाही. दोनशे माणसांसाठी ॲम्पवर जोर देऊ नये. त्याच्या मागे ‘डीआय’ असे लिहिलेले तीन पिनांचे एक्सएलआर आउटपुट असावे, तिथून साउंडवाल्याच्या मिक्सरला वायर द्यावी आणि आपला ॲम्प स्वतःला ऐकण्यापुरता ठेवावा. एक्सएलआरची वायर तीस मीटर लांब नेली तरी घरघर आत येत नाही. गिटारची साधी वायर पाच-सहा मीटरपुढे नेली की घरघर शिरायला लागते.

पत्र्याची शेड मात्र अकूस्टिक गिटारची खरी परीक्षा घेते. वाशिंदच्या जेएसडब्ल्यूच्या कारखान्यात पोलादी पत्र्यावर जस्ताचा आणि रंगाचा थर चढवला जातो, आणि अशाच पत्र्यांखाली आपल्या भागातले निम्मे कार्यक्रम होतात. गुळगुळीत पत्रा आवाज शोषत नाही, परतवतो. शेडमध्ये ॲम्पवरचा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम प्रतिध्वनी, पूर्ण बंद ठेवावा. छताने तो आधीच फुकट दिलेला असतो.

घुमणे आणि त्यावरचे उपाय

स्पीकरचा आवाज गिटारच्या तक्त्यावर आदळतो, तक्ता थरथरतो, पिकअप ती थरथर पुन्हा ॲम्पला देतो, आणि हे चक्र एका सेकंदात शेकडो वेळा फिरून हूंऽऽ सुरू होते. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन याच्या नावावरून याला लार्सन परिणाम म्हणतात. गिटारच्या बाबतीत ते कुठे होणार हे आधीच सांगता येते. ड्रेडनॉट पेटीतल्या हवेचा स्वतःचा स्वर १०० हर्ट्झच्या आसपास असतो. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी ९८ हर्ट्झचा, आणि पाचवी मोकळी तार, म्हणजे ए, ११० ची. म्हणजे रोजच्या वाजवण्यातले हे दोन स्वर अगदी घुमणाऱ्या जागेच्या दारातच बसलेले आहेत. चांगल्या अकूस्टिक ॲम्पवर ‘नॉच’ नावाचे बटण असते. ते एक अरुंद पट्टा कापते. आवाज वाढवत घुमण्याच्या काठावर न्यावा आणि नॉच हळूहळू फिरवावे. एका जागी घुमणे अचानक थांबते. तिथेच सोडावे. शेजारी ‘फेज’ किंवा ‘Ø’ अशा खुणेचे बटण असते. ते दाबल्यावर स्पीकरची चाल उलटी होते आणि तक्त्याला ढकलण्याऐवजी रोखू लागते. गोल तोंडावर बसणारी रबरी चकती हा तिसरा उपाय. तो सर्वांत स्वस्त आहे आणि मोठ्या आवाजात सर्वांत खात्रीचाही. हे तिन्ही हाताशी असूनही वादक स्पीकरच्या अगदी समोर बसला तर उपयोग नाही. ॲम्प वादकाच्या बाजूला, किंचित पुढे, आणि मागच्या बाजूला कललेला असावा.

वीज, पाऊस आणि कसारा लोकल

आपल्याकडचा पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. अमेरिकेतल्या नातेवाइकाने प्रेमाने आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असू शकतो, आणि तो थेट खोचला तर पहिल्याच क्षणी जळतो. मागच्या पट्टीवर १००–२४० छापले असेल तर चिंता नाही, फक्त १२० असेल तर योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ॲम्प घरघरतो, साइन वेव्ह इन्व्हर्टरवर सहसा नाही.

आर्थिंगच्या बाबतीत मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. घरघर थांबते म्हणून तीन पिनांतली जाड पिन काढून टाकणारे लोक सर्रास दिसतात. गिटारच्या तारा ॲम्पच्या आर्थला जोडलेल्या असतात आणि समोरचा माइक दुसऱ्याच यंत्राच्या आर्थला. दोन्हींत दाबाचा फरक पडला तर बोटे तारांवर आणि ओठ माइकवर असलेल्या गायकाच्या अंगातून वीज जाते. पिन कधीही काढू नये. गिटार आणि माइक एकाच बोर्डावरून चालवावेत. एवढ्याने घरघरही बहुधा जाते.

वीज गेल्यावरही कार्यक्रम चालावा असे वाटत असेल तर बॅटरीवर चालणारे ॲम्प आहेत. रोलंडचा ‘एसी-३३’ आठ पेन्सिल सेलवर चालतो, गिटार आणि आवाज दोन्ही घेतो आणि पाच किलोच्या आत भरतो. फिशमनच्या ‘लाउडबॉक्स मिनी’ ची चार्ज होणारी आवृत्तीही आहे. तो ६० वॅटचा, साडेसहा इंची वूफर आणि एक इंची ट्वीटरचा. साधी आवृत्ती नऊ किलोच्या जवळ. मार्शलचा ‘एएस५०डी’ दोन आठ इंची स्पीकरमुळे भरदार वाजतो, पण वजन सोळा किलोच्या आसपास. एका सेकंदात लाखो वेळा चालू-बंद होणाऱ्या ‘क्लास डी’ मंडलामुळे उष्णता शोषणारे ॲल्युमिनियमचे अवजड ठोकळे गेले, म्हणून आजचे ॲम्प इतके हलके झाले. वाशिंदहून मुंबईला सुमारे ८० किलोमीटर लोकलने जाणाऱ्या माणसाला एका खांद्यावर गिटार आणि दुसऱ्या हातात ॲम्प घेऊन डब्यात शिरायचे असते. त्याने वजनाचा रकाना वॅटच्या रकान्याइतक्याच काळजीने वाचावा.

शहापूर-मुरबाडच्या पावसात लाकूड फुगते, जॅकमध्ये गंज धरतो, स्पीकरचा कागद दमट होतो. पावसाळ्यात ॲम्प जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा, आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवावा आणि गिटारच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

दुकानात गेल्यावर

मुंबईत धोबीतलावला १८६५ पासून नाव असलेले फुर्टाडोज आहे, आणि ठाणे-कल्याणकडेही वाद्यांची दुकाने आहेत. कुठेही जा, स्वतःची गिटार आणि स्वतःची वायर घेऊनच जा. दुकानदाराच्या भारी गिटारीवर प्रत्येक ॲम्प गोड वाजतो. आधी ॲम्प न लावता गिटार वाजवून तिचा आवाज कानात भरून घ्यावा. मग सगळी टोनची बटणे मध्यावर, रिव्हर्ब शून्यावर, आणि वाजवावे. सोबत वाजवू शकणाऱ्या कुणाला तरी न्यावे, कारण वाजवणाऱ्याला स्वतःच्या पेटीचाही आवाज कानी पडत असतो. आपण दहा-बारा फूट लांब उभे राहावे आणि सोबत्याला वाजवायला सांगावे. काही न वाजवता आवाज पूर्ण चढवून सरसर किती येते ते पाहावे. जी आणि ए हे दोन स्वर जोराने वाजवून घुमते का ते पाहावे. शेवटी दुसऱ्या चॅनेलवर माइक लावून गाऊन पाहावे, कारण वाजवता वाजवता गाणारेच आपल्याकडे जास्त, आणि कित्येक ॲम्प गिटारला चांगले असूनही गळा मात्र कोंडल्यासारखा काढतात. फोनवर दाखवलेल्या चित्रफितीवरून ॲम्प निवडू नये. त्यात ऐकू येतो तो फोनचा स्पीकर.

ॲम्प घरी आल्यावर कायद्याची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची सीमा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. चांगला अकूस्टिक ॲम्प कमी आवाजातही भरदार वाजतो, त्यामुळे हा नियम पाळणाऱ्याचे संगीतात काही नुकसान होत नाही.

वाशिंद-शहापूरकडच्या एकट्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसासाठी माझे मत असे आहे की दोन चॅनेल, ट्वीटर, नॉच, डीआय आणि दहा किलोच्या आतले वजन या पाच गोष्टी असतील तर ४० वॅट पुरे होतात. पैसे अपुरे असतील तर आधी गिटारचा पिकअप आणि प्रीॲम्प सुधारून घ्यावा आणि ॲम्प पुढच्या वर्षी घ्यावा. उलटा क्रम करू नये, कारण आत चांगला आवाज आलाच नाही तर सर्वांत महागडा ॲम्पही तो बाहेर काढू शकत नाही. आणि बिल घेताना त्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र सर्वांत जवळ कुठे आहे ते विचारून बिलाच्या मागेच लिहून घ्यावे.